टाइलमध्ये भोक पाडताना बिट जळू नये म्हणून

टाइलमध्ये बिट शिरत नाही असं दिसलं की हात आपोआप दोन गोष्टी करतो: मशीनचा वेग वाढवतो आणि अंगाचा भार टाकतो. बिट जळतं ते याच दोन गोष्टींनी. मग कोणीतरी पाणी मारतं, पण तोवर टोक गेलेलं असतं. पाणी लागतंच, ते पहिल्या सेकंदापासून लागतं. तरी बिट योग्य नसेल आणि वेग चुकला असेल, तर नुसत्या पाण्याने काही वाचत नाही.

बिट कापत असतं तेव्हा भुकटी बाहेर पडते आणि त्या भुकटीबरोबर बरीच उष्णताही निघून जाते. बिट कापायचं थांबून नुसतं घासायला लागलं की मशीनची सगळी ताकद उष्णतेत जाते. टाइल उष्णतेची मंद वाहक आहे, ती काही ती उष्णता ओढून घेत नाही. मग सगळा ताप टोकाच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये साठतो. कार्बाइडचं टोक पोलादी दांड्याला ब्रेझिंगने (मध्ये वितळलेला धातू भरून केलेल्या जोडाने) जोडलेलं असतं आणि चांदीयुक्त ब्रेझिंग साधारण 600 ते 700 अंश सेल्सिअसला वितळतं. हिरा कठीण असला तरी हवेत 700-800 अंशांच्या पुढे त्याचा पृष्ठभाग ऑक्सिजनशी संयोग पावून खराब होऊ लागतो, आणि त्याला धरून ठेवणारा निकेलचा थर त्याआधीच ढिला पडू शकतो. कोरडं, वेगात आणि जोरात चालवलेलं बिट या तापमानाला पोहोचायला फार वेळ लागत नाही.

आधी टाइल कोणती ते ओळखा

बाथरूमच्या भिंतीवरची जुनी 200×300, 300×450 किंवा 300×600 मिमीची टाइल बहुधा साधी सिरॅमिक असते: आत लालसर किंवा पांढरट मऊ माती, वर ग्लेझचा पातळ कडक थर, जाडी 7 ते 9 मिमी. जमिनीवरच्या 600×600 आणि हल्ली भिंतीवरही लावल्या जाणाऱ्या 600×1200 मिमीच्या टाइल बहुतेक विट्रिफाइड असतात. साधी सिरॅमिक वॉल टाइल वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त पाणी शोषते, विट्रिफाइड 0.5 टक्क्याहून कमी. विट्रिफाइडचं अंग वरपासून खालपर्यंत काचेसारखं घट्ट असतं, त्यामुळे ग्लेझ ओलांडल्यावर सुटका होईल ही आशा तिथे नसते.

घरात उरलेली एखादी टाइल किंवा तुकडा असेल तर उलटा करा आणि मागच्या बाजूवर पाण्याचा थेंब ठेवा. काही सेकंदांत शोषला गेला तर सिरॅमिक, तसाच बसून राहिला तर विट्रिफाइड. तुकडा नसेल तर नळाच्या गोल कव्हरमागे टाइलची कापलेली कड दिसते. ती लालसर आणि भुसभुशीत असेल तर काम सोपं आहे. कुठलाच पुरावा नसेल तर विट्रिफाइडच आहे असं धरून डायमंड बिट आणा.

कोणतं बिट कुठे चालतं

मशीनबरोबर डब्यात आलेलं काँक्रीटचं मेसनरी बिट टाइलसाठी बनवलेलं नसतं. त्याचं टोक रुंद आणि बोथट असतं, कारण मशीनच्या हॅमर मोडच्या ठोक्याने सिमेंट फोडणं हे त्याचं काम. हॅमर बंद केला की ते कापत नाही, घासतं. मऊ वॉल टाइलमध्ये नवं कोरं मेसनरी बिट कसंबसं पार होतं, विट्रिफाइडमध्ये नाही. सोनेरी रंगाची धातूसाठीची बिटं तर टाइलला लावूच नयेत. सोनेरी रंग हा वरचा मुलामा असतो, आत पोलाद आहे आणि ग्लेझवर त्याची धार लगेच जाते.

साध्या सिरॅमिक टाइलला भाल्यासारख्या टोकाचं कार्बाइड बिट घ्यावं. हार्डवेअरच्या दुकानात ‘काच-टाइलचं बिट’ म्हटलं की हेच देतात. 6 किंवा 8 मिमीचं भोक अर्ध्या ते एका मिनिटात होतं. हेच बिट विट्रिफाइडवर चालवलं तर टोक काही क्षणांत गोल होतं, आणि गोल झालेलं टोक म्हणजे शुद्ध घर्षण.

विट्रिफाइडला पोकळ नळीसारखं डायमंड बिट लागतं, ज्याच्या कडेवर हिऱ्याचे कण बसवलेले असतात. त्यात दोन प्रकार येतात. इलेक्ट्रोप्लेटेड बिटात कणांचा एकच थर निकेलच्या मुलाम्यात अडकवलेला असतो. ते स्वस्त, पण उष्णतेला नाजूक आणि पाण्याशिवाय वापरण्यासारखं नाही. व्हॅक्यूम ब्रेझ्ड बिटात कण भट्टीत वितळवलेल्या मिश्रधातूने पक्के धरलेले असतात आणि वरही जास्त उचलून बसलेले असतात, म्हणून ते लवकर कापतं आणि ताप जास्त सोसतं. काहींच्या आत मेण भरलेलं असतं. तापल्यावर ते वितळून थंडावा देतं. एम14 आट्याची अशी बिटं अँगल ग्राइंडरवर कोरडी चालवण्यासाठी असतात. ग्राइंडरला पाणी लावू नका आणि ड्रिलसाठी आणलेलं इलेक्ट्रोप्लेटेड बिट ग्राइंडरवर चढवू नका. घरात चार-सहा भोकं पाडायची असतील तर ड्रिल आणि पाणी हाच मार्ग बरा: धूळ उडत नाही आणि हाताला काबू राहतो. टाइलच्या धुळीत फुप्फुसाला घातक सिलिका असते. कोरडं काम करायचंच असेल तर चांगला मास्क हवाच. चष्मा दोन्ही वेळा हवा.

वेग

मोठं बिट म्हणजे हळू मशीन, हा एक हिशेब डोक्यात पक्का असू द्या. 6 मिमीच्या बिटाची कड 1500 आरपीएमला (मिनिटाला 1500 फेऱ्यांना) मिनिटाला सुमारे 28 मीटर धावते. त्याच वेगावर 35 मिमीच्या बिटाची कड 165 मीटर धावते. मशीनचा आवाज तोच, पण कडेवरचं घर्षण जवळपास सहापट. नळाच्या कनेक्शनसाठीचं मोठं होलसॉ (मोठ्या व्यासाचं पोकळ बिट) पहिल्याच भोकात काळं पडतं ते यामुळे. हाताने चालवायच्या ड्रिलसाठी साधारण आकडे असे धरावेत:

भाल्याच्या टोकाचं कार्बाइड, 6 ते 8 मिमी: 500 ते 800 आरपीएम
डायमंड 6 ते 8 मिमी: 1200 ते 2000
डायमंड 10 ते 12 मिमी: 900 ते 1400
डायमंड 20 ते 25 मिमी: 600 ते 900
डायमंड 35 ते 40 मिमी: 400 ते 600
50 मिमी आणि पुढे: 300 ते 400

मशीनवर आरपीएम दिसत नाही, म्हणून लेबल वाचा. 13 मिमीचं साधं इम्पॅक्ट ड्रिल पूर्ण ट्रिगरला 2800-3000 च्या आसपास फिरतं, म्हणजे लहान डायमंड बिटालाही अर्धा ट्रिगर पुरे. ट्रिगरवर छोटी चकती असेल तर ती फिरवून वेग आधीच बांधून घ्या, कारण काम रेंगाळलं की बोट नकळत दाबलं जातं. दोन गिअरच्या कॉर्डलेस ड्रिलमध्ये पहिला गिअर 400-500 पर्यंत आणि दुसरा बहुधा 1300 ते 1900 पर्यंत जातो. मोठ्या होलसॉला पहिला, 6 ते 12 मिमीच्या डायमंड बिटाला दुसरा. हॅमर बंद आहे ना, हे प्रत्येक भोकाआधी बघा. एसडीएस रोटरी हॅमरला (काँक्रीट फोडायच्या जड मशीनला) अडॅप्टर लावून हे काम करू नका. चक (बिट धरणारा जबडा) डुलतं, बिट भोकाच्या कडेला घासत राहतं आणि ग्लेझचे टवके उडतात.

मशीन कॉर्डलेस असेल तर उत्तम. वायरीचंच वापरावं लागलं तर घराच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे आणि तिचं टेस्ट बटण दाबल्यावर ती पडते, याची खात्री करून घ्या. पाणी नेहमी बिटावर येईल, मोटरकडे ओघळणार नाही, असं मशीन धरा. डोक्याच्या वर भोक पाडायचं असेल तर वायरीचं मशीन आणि पाणी एकत्र नकोच.

पाणी कसं पोहोचवायचं

भिंतीवरच्या कामाला अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली पुरते. झाकणाला बारीक खिळ्याने भोक पाडा आणि दुसऱ्या माणसाला भोकाच्या दोन-तीन सेंटीमीटर वर बारीक धार धरायला सांगा. 6-8 मिमीच्या एका भोकाला पाव लिटर पाणी सहज जातं. एकटे असाल तर भांडी घासायचा स्पंज ओला करून भोकाच्या अगदी वर टेपने चिकटवा आणि दर थांब्याला पुन्हा भिजवा. झाडांवर मारायचा फवाराही चालतो, पण नुसतं टाइलचं तोंड ओलं होणं पुरेसं नाही, पाणी खाचेत उतरायला हवं. भोकाच्या खाली प्लॅस्टिकची पिशवी तोंड उघडं ठेवून चिकटवली की गाळ खाली सांडत नाही. तो गाळ बाथरूमच्या जाळीत सोडू नका, वाळला की सिमेंटसारखा बसतो.

ओट्यावर किंवा जमिनीवर काम असेल तर भोकाभोवती कणकेचं किंवा खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीचं (पुट्टीचं) 5-6 सेंटीमीटर रुंद आळं करा आणि त्यात सेंटीमीटरभर पाणी भरा. पाणी घट्ट झालं की पुसून नवं भरा. सुटी टाइल असेल तर उथळ परातीत सपाट प्लाय ठेवा, त्यावर टाइल चकचकीत बाजू वर करून, आणि पाणी टाइलवर दोन-तीन मिमी येईल इतकंच. खाली आधार नसेल तर बिट आरपार जाताना मागची बाजू फुटते.

तेल वापरू नका. सांध्यातल्या ग्राउटमध्ये ते मुरतं, डाग जात नाही, आणि पुढे सिलिकॉन चिकटत नाही.

एक महत्त्वाची गोष्ट: बिट आधीच चटका बसण्याइतकं तापलं असेल तर ते थेट पाण्यात बुडवू नका. अचानक थंड झाल्याने कार्बाइडला बारीक चिरा जातात आणि पुढच्या भोकात टोकाचा कोपरा उडतो. हवेत थंड होऊ द्या, मग पाणी लावा. सुरुवातीपासून धार असेल तर ही वेळच येत नाही.

प्रत्यक्ष भोक

जागा ठरवताना नळ, मिक्सर आणि शॉवर यांच्या सरळ वर-खाली, तसंच स्विचबोर्डच्या सरळ रेषेत भोक घेऊ नका. कन्सील्ड पाइप आणि वायरी बहुधा तिथूनच जातात. टाइलच्या कडेपासून निदान 20-25 मिमी आत राहा. नाण्याने टाइल ठोकून बघा. जिथे आवाज पोकळ येतो तिथे मागे सिमेंट भरलेलं नाही, आणि तिथे थोड्याशा दाबानेही टाइल तडकू शकते. जागा चार बोटं सरकवता आली तर सरकवा.

मास्किंग टेपचे दोन तुकडे फुलीसारखे लावून त्यावर खूण करा. भाल्याच्या टोकाच्या बिटाला टेपची पकड पुरते: मशीन अगदी हळू, 200-300 वर सुरू करा, ग्लेझमध्ये छोटा खड्डा झाला की वेग वाढवा. खिळा ठोकून खूण करायचा मोह होतो, पण त्या ठोक्याने ग्लेझला ताऱ्यासारखा तडा जाऊ शकतो.

डायमंड बिटाला मधलं टोक नसतं, त्यामुळे ते सरळ लावलं तर टाइलवर नाचतं आणि गोल ओरखडे उमटतात. दोन उपाय आहेत. एक, 45 अंशात तिरकं धरून कडेने चंद्रकोरीसारखी खाच पाडायची आणि मशीन फिरतं ठेवून पाच-सात सेकंदांत हळूहळू सरळ आणायचं. लहान बिटांना हे चांगलं जमतं. दुसरा, 12 मिमी प्लायच्या तुकड्यात त्याच मापाचं भोक पाडून तो मार्गदर्शक म्हणून टाइलवर घट्ट दाबून धरायचा. 20 मिमीच्या पुढे हाच उपाय घ्या. मात्र खाच दोन मिमी खोल झाली की प्लाय काढून टाका, नाहीतर त्याच्याखाली पाणी पोहोचत नाही आणि बिट तिथेच जळतं.

दाब किती, हे सांगून कळत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तळहात ठेवून तीन किलो दिसेपर्यंत दाबा आणि तो भार हाताला ओळखीचा करून घ्या. लहान बिटांना दोन ते तीन किलो बास, मोठ्या होलसॉलाही पाचाच्या पुढे जायचं कारण नाही.

मशीन सरळ झाल्यावर दहा सेकंद कापा, मग बिट फिरतं ठेवूनच खाचेतून बाहेर घ्या, खाच पाण्याने भरू द्या, पुन्हा आत. डायमंड बिटाची खाच जेमतेम मिलिमीटरभर रुंद असते. वर-खाली केलं नाही तर भुकटीचा लगदा तिथे दाटतो आणि पाण्याला वाट राहत नाही. मशीनचा मागचा भाग अगदी किंचित गोल फिरवत राहिलात तर खाच थोडी मोकळी होते. दर अर्ध्या मिनिटाने मशीन पूर्ण थांबवा आणि बिटाला बोट लावून बघा. कोमट चालेल. बोट ठेवता येत नसेल तर वेग कमी करा आणि धार मोठी करा. विट्रिफाइडमध्ये 6-8 मिमीच्या भोकाला एक ते तीन मिनिटं लागणं सामान्य आहे, त्यामुळे घाई करण्यासारखं काही नाही.

शेवटच्या मिलिमीटरला दाब अर्धा करा. टाइल संपली हे पाण्याच्या रंगावरून कळतं: पांढरट पाणी एकदम करडं झालं की मागचं सिमेंट सुरू झालं. लगेच थांबा. सिमेंट आणि वाळूत डायमंड बिट चालवत राहिलं तर त्याचा एकच थर विनाकारण झिजतो.

बिट काय सांगतंय

दुधासारखं पातळ पाणी आणि सारखा खरखर आवाज म्हणजे सगळं ठीक. पाणी घट्ट होऊन दह्यासारखं यायला लागलं तर धार कमी पडते आहे. आवाज चिरका, शिट्टीसारखा झाला आणि भुकटी थांबली तर बिट घासतंय. अशा वेळी जोर लावणं म्हणजे ते संपवणं. वाफ किंवा करपल्याचा वास आला तर थांबाच. बाहेर काढल्यावर पोलाद निळसर दिसलं तर ते सुमारे 300 अंशांपर्यंत गेलं होतं. कड अजून धारदार असू शकते. कड काळी, गुळगुळीत आणि बोटाला मऊ लागत असेल तर दोन शक्यता आहेत. कण निघून गेले असतील तर बिट बाद. कण आहेत पण त्यांच्यावर लगदा बसून चकाकी आली असेल तर ते परत जिवंत करता येतं: ओल्या लाल विटेत किंवा धार लावायच्या जुन्या दगडात भरपूर पाण्यासह दोन-तीन उथळ खाचा पाडा. खरखरीत कण वरचा थर खरवडून काढतात आणि हिरे पुन्हा उघडे पडतात. नवं बिट विट्रिफाइडमध्ये दोन-तीन भोकांनंतर मंद वाटू लागलं की फेकण्याआधी हे करून बघा.

पोकळ बिटात टाइलची गोल चकती अडकते. ती न काढता पुढचं भोक सुरू केलं तर चकती तळाला टेकते, कड टाइलपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि पुन्हा तेच: फिरणं चालू, कापणं बंद. बाजूच्या खिडकीतून किंवा मागून खिळ्याने ती ढकलून काढा. बिटावर हातोडी मारू नका, नळी वाकते.

तीन-चार भोकं ओळीने पाडायची असतील तर दोन बिटं आळीपाळीने वापरणं एकाच बिटाला घाई करण्यापेक्षा बरं.

टाइलच्या मागे

आता मेसनरी बिट लावा. भिंत विटेची किंवा काँक्रीटची असेल तर हॅमर चालू करता येतो, पण टाइलमधलं भोक मेसनरी बिटापेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर मोठं असायला हवं, म्हणजे हादरणारं बिट टाइलच्या कडेला लागत नाही. 8 मिमीच्या रावळ प्लगसाठी (स्क्रू धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीसाठी) टाइलमध्ये 10 मिमी आणि भिंतीत 8 मिमी हे माप चांगलं. नव्या इमारतींत भिंत बऱ्याचदा एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची) असते. तिथे हॅमर बंदच ठेवा आणि प्लगही ब्लॉकसाठीचाच घ्या, साधा प्लग सैल बसतो.

प्लग टाइलच्या तोंडाशी सपाट ठेवून सोडू नका. स्क्रू आवळताना तो फुगतो आणि टाइलला आतून रेटतो. भोक नीट पडूनही दुसऱ्या दिवशी तडा दिसतो तो यामुळे. 9 मिमीची टाइल असेल तर प्लग निदान 10 मिमी आत ढकला. त्या हिशेबाने स्क्रू घ्या: 40 मिमीचा प्लग, टाइलचे 10 आणि वर लावायच्या पट्टीची जाडी मिळून 55 ते 60 मिमी.

शॉवरच्या भागात प्लग बसवण्याआधी भोक कोरड्या कापडाने पुसा, रात्रभर वाळू द्या आणि स्क्रू लावताना भोकात बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन भरा. बाहेर आलेलं लगेच पुसून घ्या आणि 24 तास त्यावर पाणी पडू देऊ नका.